कादंबरीतली ‘ती’ आणि माझी माय

माईकवर तो माझ्या मायचं दुःख वाचत होता, आणि माय माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

धाराशिवमधल्या एका कॉलेजचं सभागृह. त्याच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन. ‘हे पुस्तक तुझं आहे, आईलाही घेऊन ये,’ असं त्यानंच सांगितलं होतं. माय ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

कादंबरीत नायिकेची आई ऊसतोड करते. ढोकीकडच्या फडात तिच्यावर जे गुदरलं, ते तो वाचत होता. सावकाश, थांबत थांबत, गोड आवाजात.

काय गुदरलं ते मी इथं लिहिणार नाही. ते मायचं आहे. तिनं ते मला जन्मात एकदाच सांगितलं होतं. मी बारावीला होते. ती भाकरी थापत होती, माझ्याकडं बघत नव्हती. आणि पुढं मी ते त्याला सांगितलं.

मायला वाचता येत नाही. ऐकू येतं.

ती माझ्या कानाशी वाकली. “हे त्याला कुणी सांगितलं गं?”

मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, “वेदनेचं इतकं देखणं रूप मराठीत क्वचितच आलं असेल.”

देखणं.

तो मला एम.ए.ला शिकवायचा. तुळजापूरचं जुनं घर, आजोबा पुजारी, वडील हेडमास्तर. आमचं घर बौद्धवाड्यातलं, शिकलेली मी पहिलीच. माझा निबंध त्यानं वर्गात वाचून दाखवला तेव्हापासून मी त्याची झाले. एम.ए. झाल्यावर दोन वर्षं आम्ही परंड्याच्या किल्ल्यात भेटायचो. त्याला किल्ले आवडतात असं मला वाटायचं. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, हे लई उशिरा कळलं. “घरी सांगतो,” म्हणायचा. सांगितलं कधीच नाही. मी मात्र सगळं सांगत गेले. प्रेमात माणूस झाकून काय ठेवतं?

मग तो भाषणाला उभा राहिला. म्हणाला, ही उत्तर-आधुनिक कादंबरी आहे. हिला तीन शेवट आहेत, वाचकानं हवा तो निवडावा. एका शेवटात नायिका विहीर जवळ करते. दुसऱ्यात नाहीशी होते. तिसऱ्यात नायक तिला विसरतो. “आणि नायिकेला मी मुद्दाम नाव दिलेलं नाही. ती फक्त ‘ती’ आहे.”

तिन्ही शेवटांत तिला जगणं नव्हतं.

सूत्रसंचालक प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले.

“सर, नायकाला नाव आहे. आडनाव आहे. आजोबासुद्धा आहेत. मग तिलाच का नाही?”

तो हसला. वर्गात हसायचा तसाच. “चांगला प्रश्न आहे. या प्रकारच्या कादंबरीत स्त्री ही व्यक्ती नसते, संहिता असते. तिच्यामागं खरी बाई शोधायची नसते.”

“शोधायची कशाला? फडातली ती आई ही काय, इथं माझ्या शेजारीच बसलीय,” मी म्हणाले. “तिला विचारलं होतं का तुम्ही?”

सगळ्या माना वळल्या. मायकडं. तोवर ती कुणाची कोण, हे त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं. त्यानं तिला पुस्तकात उघडी केली, मी भर सभेत. माय माझा हात ओढत होती. “बस गं खाली. बस.”

सूत्रसंचालक म्हणाले, “ताई, भावनिक होऊ नका. वेळ कमी आहे, चहा तयार आहे.”

बाहेर त्यानं मला गाठलं. “प्रेम होतं म्हणून लिहिलं. तूच दिलंस ना मला ते?”

“दिलं न्हाय. सांगितलं होतं.”

“लेखकाला सांगितलं की दिल्यासारखंच असतं.”

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कादंबरी वाचली. ‘ती’ची काळी पाठ, ‘ती’ची मान, ‘ती’च्या घामाचा वास. पानंच्या पानं. पण ‘ती’ एकही पुस्तक वाचत नाही. मी त्याच्या वर्गात पहिली आले होते.

माय घरी आल्यावर एकच बोलली. “आता तुला काय बी सांगायचं न्हाय.” तिनं ते पाळलंय. जेवायला वाढते. दुखलंखुपलं शेजारणीला सांगते.

पुढं मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. दोन वर्षांनी तीच कादंबरी अभ्यासक्रमाला लागली. विभागप्रमुख म्हणाले, “स्त्रीचित्रणावर हमखास प्रश्न येतो. तुम्ही छान शिकवाल. तुमच्याकडचंच जगणं आहे ना ते.”

“मी ही शिकवणार न्हाय, सर.”

“मग तास दुसऱ्याला जातील.”

“जाऊ द्या.”

त्यांनी कागद पुढं केला. “लेखी द्या. वैयक्तिक कारणास्तव, एवढंच लिहा.”

मी लिहिलं : ‘ज्या बाईचं दुःख या पुस्तकात घेतलं आहे, तिला विचारलेलं नाही. म्हणून मी हे पुस्तक शिकवणार नाही.’

त्यांनी वाचलं. “हे असं चालत नाही, मॅडम. वैयक्तिक लिहा.”

मी कागद बदलला नाही. तास गेले. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

आता ढोकीत दहावीच्या पोरींना व्याकरण शिकवते. कादंबरी तिकडं कॉलेजात शिकवली जाते. तिथल्या पोरी तिन्ही शेवट पाठ करून मार्क मिळवतात. त्याचं कौतुक होतं. कुणी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. माय मला माफ करील असंही वाटत नाही, आणि माफी मागायचा मला हक्क नाही.

उद्या कुणी पुन्हा तो कागद पुढं केला, तर मी पुन्हा तेच लिहीन. ‘वैयक्तिक’ लिहिणार नाही.