सत्कारात गेलेला तास

निवृत्तीनंतर येथील एका खासगी विद्यापीठाने मला सल्लागार नेमले. सल्ला त्यांना नको होता. सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंतचा मुलूख त्यांनी आपले ‘प्रवेशक्षेत्र’ म्हणून आखला होता आणि त्यातल्या बहुतेक शाळांचे मुख्याध्यापक कधीकाळी माझ्या हाताखाली शिक्षक होते. मी गाडीत असलो की फाटक उघडे. माझी उपयुक्तता तेवढीच.

योजना ऐकायला बरी होती. प्रत्येक शाळेत जाऊन बारावीच्या मुलांची तासाभराची परीक्षा घ्यायची. पहिल्या येणाऱ्याला पदवीपर्यंत फी माफ, वसतिगृह फुकट. सोबत प्रवेश अधिकारी असे. शहरातल्या इंदिरानगरचा तरुण, गळ्यात टाय, तोंडी ‘व्हिजन’.

पेठच्या पुढे डोंगरातल्या एका शाळेत गेलो. स्वागताला उभ्या असलेल्या मुलीची मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. “हिचे आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेत, सर. ही या परीक्षेसाठी मागे राहिली, मावशीकडे.” परीक्षा हुकली तर तीही बागेत जाणार, हे त्यांनी वेगळे सांगितले नाही. सांगावे लागलेही नाही.

मग सत्कार सुरू झाले. शाळेने आमचा केला. आम्ही शाळेचा केला. गाडीच्या चालकाचाही झाला, कारण तोही पाहुणा. इतक्यात संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांच्या हस्ते काहीच झाले नव्हते. म्हणून आमच्या अंगावरच्या शाली उतरवून, घडी घालून, त्याच शाली त्यांच्या हस्ते पुन्हा आमच्या अंगावर घालण्यात आल्या. आमच्याकडे पाहुणा उपाशी गेला तर चालते. सत्काराविना गेला तर संस्थेची अब्रू जाते. अध्यक्ष वेळेच्या महत्त्वावर बोलले. पुष्कळ वेळ बोलले. मुले उन्हात टाळ्या वाजवत होती.

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. “सर, पुढची शाळा गाठायचीय. इथली परीक्षा ऑनलाइन घेऊ. लिंक पाठवतो.”

ती मुलगी पुढे आली. “सर, पाड्यावर रेंज नाय.”

“मग जरा डोंगरावर चढायचं. व्ह्यू पण मिळेल.”

मंचावर हशा पिकला.

“मोबाइल पण नाय, सर,” ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो नाही.

“सर, चला ना,” अधिकारी म्हणाला.

“परीक्षा घ्या.”

“अहो, पण पुढचे हेडमास्तर वाट बघतायत.”

“माझी. तुमची नव्हे. जायचे तर जा.”

अध्यक्ष मध्ये पडले. “गुरुजी, पानं वाढलीत. जेवण गार होईल.”

“होऊ द्या.”

परीक्षा ओसरीवर झाली. हॉलमधली बाके मंचाखाली गेली होती. मुलांनी मांडीवर पुठ्ठे धरून लिहिले. मुलीने पुरवणी मागितली, तेव्हा अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. पुरवणी मिळाली.

जागाही तिलाच मिळाली. पुढच्या वर्षी त्या शाळेला प्रवेशक्षेत्रातून वगळण्यात आले.

“रिस्पॉन्स नाही, सर,” अधिकारी म्हणाला. “एकच आली. तीही फुकट.”

“वर्गात कितवी आहे?”

“पहिली. पण त्याचा इथे काय संबंध?”

त्या गाडीत मी पुन्हा बसलो नाही.