अस्वलाची मानाची जागा

फरगाणा खोऱ्यातल्या त्या जुन्या, चिमुकल्या प्राणिसंग्रहालयात सगळ्यांत मिजासखोर प्राणी म्हणजे राखणदार हमीदुल्ला-अका. त्याच्या ताब्यातलं म्हातारं अस्वल, जनरल, त्यामानानं गरीब. अकानं, म्हणजे आमच्या या थोरल्या दादानं, त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं, आणि बायकोपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलला होता.

मग संग्रहालयाचा कायापालट निघाला. नव्या आराखड्यात जनरल मधोमध, चारी बाजूंनी काच. त्यासाठी पिंजऱ्याच्या भिंती पाडल्या, तसं जनरलनं पंजांत तोंड लपवलं आणि खाणंच सोडलं.

संचालक कमोलोव्ह खाकरल्याशिवाय बोलत नसत. "ख्रं... खात नसेल तर, ख्रं... दुसऱ्या शहरात पाठवू."

"मी खायला घालतो, साहेब," अका म्हणाला. "तुम्ही ताश्कंदची बैठक उरकून या."

साहेबांची पाठ वळताच त्यानं मोहल्ल्याला हशरची हाक दिली. आमच्याकडे हशर म्हटलं की फुकट राबायला सगळे येतात, आणि अक्कल शिकवायला त्याहून जास्त.

"वडीलधाऱ्याची जागा कुठे असते?" एकानं चिखल तुडवत विचारलं.

"दारापासून लांब, आतल्या भिंतीशी."

"मग? जनरल काय पोरगा आहे?"

झालं. घराची बैठक बांधावी तशी लांबलचक खोली उभी राहिली. बघणारे कुठून बघणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जनरल थेट मानाच्या जागी गेला, सगळ्यांकडे पाठ केली आणि अख्खं कलिंगड फस्त केलं.

साहेब परतले. "ख्रं... लोक काय ढुंगण बघायला, ख्रं... तिकीट काढतील? रविवारी लोकांची ओरड झाली, की ट्रकात चढवतो."

रविवारी ट्रक फाटकाशी उभाच होता. यजमान बसतो दाराशी, म्हणून अकानं बाहेरचे गज आणि आतली जाळी यांच्यामध्ये बाज टाकली, चहाची किटली घेतली आणि थापा सुरू केल्या. जनरलनं पामीरचं पठार पायी ओलांडलं. जनरलनं करवसुली अधिकाऱ्याची टोपी खाल्ली. गर्दी हटेना.

"अका, त्याला जरा वळायला सांगा की," जनरलला शीळ घालत एक पोरगा म्हणाला.

"आजोबांना शीळ घालून वळवतोस का घरी? विचार बापाला."

साहेबांनी गर्दी पाहिली आणि दोनदा खाकरून ट्रक रिकामा परत पाठवला.

दुपारी अकाची बायको सोदिका त्याच्यासाठी पुलाव घेऊन आली. गजांआड बसलेल्या त्याच्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"बरं झालं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "एकदाचं योग्य जनावर आत घातलं."