समेट समितीत नसलेल्या राहेलकाकू

भांडण मिटवायला निघताना राहेलकाकू स्वतःची भाकरी पदरात बांधून घेत. ज्या दोन घरांत अबोला, त्यांतल्या एकाही घरचं पाणी त्या पीत नसत. उंबऱ्यावर बसायचं, दुसऱ्या घरच्यांना तिथंच बोलावून घ्यायचं, दोन्हीकडच्यांच्या पिढ्यांचा उद्धार करायचा आणि दोघं एका ताटाला बसले की ती भाकरी मोडून तिघांनी खायची. दुष्काळात भाकरी रेशनच्या मिलो ज्वारीची, लाल, घशाखाली न उतरणारी. "लवकर मिटवा रं," काकू म्हणत, "वाळली तर दात माझेच पडतील."

नळदुर्गजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. मनात अबोला ठेवून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, असा तिथला रिवाज. त्यामुळे प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधी काकू गल्लीगल्लीत उंबरे झिजवीत. चर्चची मंडळी टिकून होती ती यावर. मी तिथला पाळक, नुकताच शिकून आलेला. माझ्या पहिल्या प्रवचनाला अर्धी मंडळी पेंगली आणि आत शिरलेली एक शेळी तेवढी शेवटपर्यंत थांबली. काकू म्हणाल्या, "नाराज हू नगा साहेब. शेळीनं समदं ऐकलं."

त्याच सुमारास गावात दूध सोसायटी निघाली. जो तो निवडणुकीची भाषा बोलू लागला, आणि मी तरी कसा मागं राहणार? देव ज्याला त्याला देतो त्या कृपादानांवर मी प्रवचन झोडलं. शरीर एक, अवयव अनेक. ज्याला जे दान मिळालं ते त्यानं मंडळीच्या उभारणीसाठी वापरावं. इथवरचं बायबलातल्या पौलाचं होतं. पुढचं माझं: प्रत्येक दानाची एक समिती, आणि तिचा प्रमुख हात वर करून निवडायचा.

भांडणं मिटवायच्या समेट समितीच्या प्रमुखपदाला दोन नावं आली. राहेलकाकू आणि दूध सोसायटीचे चेअरमन दावीदराव. सगळ्यांचं दूध दावीदरावांकडं जात होतं, हातही तिकडंच गेले. काकूंसाठी एकही उठला नाही. माझा उठला असता, पण अध्यक्षाला मत नाही, हा नियम मीच सभेच्या सुरुवातीला ऐटीत वाचून दाखवला होता.

"बरं झालं," काकू उठत म्हणाल्या. "गुडघंबी दुखत व्हते."

पुढं शमुवेल आणि याकोब या सख्ख्या भावांत विहिरीच्या पाळीवरून जुंपली. दावीदरावांनी दोघांना सोसायटीत बोलावलं. सभासद पुरेसे नाहीत म्हणून सभा तहकूब. पुन्हा बोलावलं, पुन्हा तहकूब. तोवर सोयरेधायरे दोन बाजूंना वाटले गेले. मी काकूंकडं धावलो.

"काकू, तुम्हीच चला आता."

"देवानं दिलं तवा म्या कुणाला इचारलं न्हवतं. तुमी मंडळीला इचारलंत. मंडळी न्हाय म्हणली. आता कशापायी?"

तरी आल्या. भाकरी बांधूनच आल्या. याकोबच्या उंबऱ्यावर टेकल्या. तो दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुमी कोणत्या हक्कानं आलाव? समितीचा ठराव हाय का?"

आता शिव्यांची सरबत्ती सुटणार म्हणून मी दोन पावलं मागं सरलो. काकू नुसतं "न्हाय बाबा," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वाटेत त्यांनी पदराची गाठ सोडली. "घ्या साहेब, तुमीच खावा. आता कुणासाठी ठिवू?"

मी खाल्ली. भूक लागली होती.

पुढच्या प्रभुभोजनाला याकोबनं आपल्या गोठ्यात वेगळी मंडळी मांडली आणि बाहेरून दुसरा पाळक आणला. काकू दोन्हींपैकी कुठंच गेल्या नाहीत. "दोन्हीबी माझीच लेकरं, मग कुणाच्यात बसू?" एवढं बोलून त्या सोलापूरला लेकीकडं गेल्या.

काही वर्षांनी जावई टेम्पोत त्यांची शवपेटी घेऊन आला. गावच्या मातीत पुरावं, ही त्यांची शेवटची इच्छा. याकोब म्हणाला, आमचा पाळक प्रार्थना करील. शमुवेल म्हणाला, आमचा करील. आमचा म्हणजे मी. पुस्तक उघडून मी स्मशानाच्या फाटकात उभा होतो. वाद चढत गेला. दावीदराव म्हणाले, बसून चर्चा करू. ऊन उतरलं तरी पेटी टेम्पोतच.

शेवटी जावई "सासूबाई असत्या तर मिटवलं असतं," एवढंच बोलला आणि त्यानं टेम्पो वळवायला सांगितलं. काकूंना सोलापुरातच पुरलं.

त्या रविवारी दोन्ही मंडळ्यांत शोकाचा ठराव मांडला गेला. दोन्हीकडं तो एकमतानं मंजूर झाला.