आठ… पाठ सरळ… आठ…

ट्रेनरकडे किस्से साठतात, कारण आमच्यासमोरची माणसं घामाघूम असतात आणि घामाघूम माणसाला नाटकं करायला दम उरत नाही. बाकीचे लोक आपापले किस्से रात्री जेवताना सांगून मोकळे होतात. मी पनवेलमध्ये एकटी राहते. जेवताना समोर भिंत असते आणि तिला सगळे किस्से दोनदा सांगून झालेत! म्हणून आज तुम्ही सापडलात. बसा.

सकाळी सहाची बॅच. तळ्याजवळ, मेडिकलच्या वरचा हॉल. नऊ वर्षं घेतेय.

*

सोमवारी आमचं स्ट्रेचिंग. निखिल आयटीवाला, वय बत्तीस, पण वाकला की बोटं गुडघ्यांवरच थांबतात. त्याच्या शेजारी हिरामावशी, इथल्याच गावातल्या. भातशेती गेली, बंगला आला, मुलगा रोज मोठ्या गाडीतून सोडतो. बासष्ट वर्षांच्या मावशींनी पहिल्याच दिवशी गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकवले.

निखिलचे डोळे पांढरे! म्हणाला, “मावशी, तुमचा आधीचा कोच कोण होता?”

“माझी सासू!” मावशी म्हणाल्या. “भाताच्या लावणीला जरा सरळ उभी रायली का शिव्या घालायची.”

सगळा हॉल हसला. मग कपाळ पुसत मावशीच म्हणाल्या, “आता घरान चार मजले हायत. वाकाचा काम नाय आन बोलाला मानूस नाय. म्हून तुमच्याकडं येते.”

*

कार्डिओसाठी महिन्यातून एका रविवारी मी सगळ्यांना कर्नाळ्याला चढवते. तिथे माझा नियम असा की चढताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त, गाता येत असेल तर कमी.

मावशी पायथ्यापासून लग्नातली गाणी म्हणत चढल्या. मी म्हटलं, “मावशी, गाताय म्हणजे वेग वाढवा.”

“वेग वाढवते, पन गाना नाय थांबवाचा!” आणि खरंच दोन्ही केलं बाईंनी! माझा नियम तिथल्या माकडांसमोर मोडला.

पंचाईत झाली प्रधानकाकांची. काका बाहत्तर वर्षांचे, रिटायर्ड बँकवाले. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून एकटे. ते गप्पच चढत होते. म्हटलं, “काका, काहीतरी बोला हो, मला कळायला हवं दम लागलाय का.”

ते थांबून म्हणाले, “काय बोलू? सवय गेलीय.”

मग त्यांनीच तोडगा काढला. एकोणतीसचा पाढा! तेव्हापासून ट्रेडमिलवर, जिन्यावर, काका पाढे म्हणतात. कितीतरी दिवस बॅचला त्यांचा आवाज माहीत होता तो पाढ्यांतूनच.

*

कोअरच्या, म्हणजे पोट-कंबरेच्या व्यायामाच्या दिवशी सगळी बॅच मला मनातल्या मनात शिव्या देते. प्लँक लावला, कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोललं, की मी मोजते, “सहा… सात… आठ… पाठ सरळ… आठ… निखिल, कंबर खाली जातेय… आठ…”

निखिल थरथरत ओरडला, “मॅडम, तुमच्या गावात आठनंतर नऊ येत नाही का?”

सगळेच ट्रेनर हळू मोजतात, ती आमची जुनी खोड आहे. पण माझं जरा जास्तच. खरं सांगू? साडेसातला हॉल रिकामा होतो तो थेट संध्याकाळी पाचपर्यंत. गुंडाळताना मॅटचा आवाज घुमतो आणि मला ते अजिबात आवडत नाही. म्हणून मी आठवर रेंगाळते.

*

बॅलन्सच्या ड्रिलला काका नेहमी भिंतीजवळ. एका पायावर उभं राहायचं, नजर समोर एका जागी. मी त्यांना घड्याळ दाखवून ठेवलंय, “काट्याकडे बघा, पायाकडे नको.”

दिवाळीनंतर काका स्वयंपाकघरात पडले. हाड वाचलं, पण शेजारच्यांना कळेपर्यंत दोन तास फरशीवर होते. मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, फ्लॅट विकू, इकडे या. काकांना जायचं नव्हतं. शेवटी मुलाने अट घातली. महिनाअखेरीस व्हिडिओ कॉलवर, ट्रेनरसमोर, एका पायावर तीस सेकंद. जमलं तर राहा, नाही तर सामान बांधा.

“तिकडे चौदावा मजला आहे,” काका मला म्हणाले. “लिफ्टमध्येसुद्धा कोणी ओळखीचं नाही.” त्यांचं पाढ्याबाहेरचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

रोज काका सर्वांच्या आधी दहा मिनिटं येतात. पंखा लावतात, खुर्चीवर बसतात. आम्ही काही बोलत नाही. पण ती दहा मिनिटं हॉलमध्ये दोन माणसं असतात. माझ्या अख्ख्या दिवसात मला तेवढीच हवी असतात.

महिनाभर त्यांनी मेहनत घेतली. बारा सेकंद, पंधरा, एकदा सतरा. त्याच्या पुढे गाडी जाईना.

*

ठरलेल्या दिवशी निखिलने मोबाइल धरला. स्क्रीनवर मुलगा. मी काकांसमोर उभी, माझ्या मागे भिंतीवर घड्याळ. काकांनी पाय उचलला. मी मोजायला लागले.

दहापर्यंत नीट मोजलं. मग त्यांचा घोटा थरथरायला लागला आणि माझी जीभ सुटली! अकरा-बारा-तेरा-चौदा, नऊ वर्षांत मी असं मोजलं नव्हतं. निखिलने माझ्याकडे बघितलं, पण मोबाइल हलवला नाही. मावशी खाली मान घालून उभ्या. “तीस!” मी ओरडले आणि काकांचा पाय खाली आला.

“ओके बाबा,” मुलगा हसून म्हणाला. “राहा तिकडे. पण जपून.” फोन कट.

टाळ्या झाल्या. जरा दबक्याच. साडेसातला सगळे जिना उतरले. काका राहिले.

“अठरा,” ते म्हणाले. “घड्याळ तुमच्या मागेच होतं.”

उद्या हे घरी एकटे असताना पुन्हा पडले तर?

“माझी दया आली तुम्हाला?”

“नाही काका,” मी म्हटलं. “माझीच आली.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग भिंतीपासून एक पाऊल पुढे आले आणि पाय उचलला.

“मोजा. नेहमीसारखं मोजा.”

मॅट तशाच पडलेल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“एक… पाठ सरळ… एक…”