पडलेल्या उडीला वन्स मोअर

पुण्यात एकदा बर्फावरच्या स्केटिंगचा खेळ आला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते. बाहेर मे महिना तापलेला, आणि यांनी स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवलेला. बर्फ म्हटल्यावर घरूनच तयारीनं आले होते.

अस्वलाचं सोंग घेतलेला एकजण ढुंगण हलवत घसरत आला आणि सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. गृहस्थांनी हाताची घडी सोडली नाही. मग एक मुलगी एकटीच आली. तिनं उंच उडी घेतली, हवेत तीन गिरक्या मारल्या आणि उतरताना धाडकन आपटली. लोक खिदळले. तेवढ्यात हे उठून, नाटकातल्या पदाला द्यावा तसा खणखणीत ओरडले, "वन्स मोअर!"

मी चिडलो. "अहो, पडलेल्या पोरीची थट्टा कसली करता?"

"थट्टा आपण चालवली आहे," मफलर सारखा करत ते म्हणाले. "मघापासून अस्वलाला टाळ्या देताय. ते कधी पडायचं नाही. पडण्याजोगं ते काही करतच नाही."

मुलगी उठली होती. तिनं खरंच पुन्हा धाव घेतली. नेमकं तेव्हाच अस्वल प्रेक्षकांत गोळ्या फेकायला लागलं आणि आम्ही सगळे हात वर करून उभे राहिलो.

मी खाली बसल्यावर गृहस्थांनी विचारलं, "आपण सगळे मधे उभे होतात, मला दिसलं नाही. नीट उतरली का हो ती?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुठीत लिमलेटची गोळी होती.