मुहूर्ताचा नग

गंधाली पेडणेकर चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाली. विमा कंपनीच्या मुलुंड शाखेत तिने अर्धी नोकरी मोटारींच्या पॉलिसी काढण्यात घालवली होती. मग शाखा गुंडाळली गेली आणि वरून विचारणा आली, दावे विभागात येता की घरी बसता? घरी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. वांद्र्याच्या ऑफिसातल्या प्रशिक्षणवर्गात ती आपल्या भाच्यांच्या वयाच्या पोरांमध्ये जाऊन बसली. सगळ्यांनी नाक मुरडलेला विषय तिच्या वाट्याला आला: कामावर जखमी झालेल्या कामगारांची नुकसानभरपाई.

शिकवायला नंदकुमार वर्तक होते. वर्तकसर हसले तर त्या दिवशी एखादा दावा नामंजूर झाला असणार, असं पोरं मागे म्हणत. त्यांचे नियम मात्र सोपे होते. मालक आणि कामगार यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे. उत्तर आपण सुचवायचं नाही. आणि एकदा सही झाली की जबाब संपला. नंतर सुधारलेला जबाब म्हणजे कोणीतरी पढवलेला जबाब. दयामायेचा विषय कोणी काढलाच तर ते म्हणत, "दया करायची तर देवळात जा. इथे नीट प्रश्न विचारा, तेवढी दया पुष्कळ झाली."

वर्ग संपल्यावर प्रत्येकाला एक खरी चौकशी करायची होती, सरांच्या देखरेखीखाली. गंधालीला मिळाली सहदेव धुरीची. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत राजेश पाठारे यांचा गाळा होता. तिथे पॉवर प्रेसवर दारांच्या बिजागऱ्या निघत. सहदेव गाळ्यातला सगळ्यात जुना कारागीर. ऐन दसऱ्याला त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली. घर असल्फ्याच्या डोंगरावर, आणि घरात मिळवता माणूस तो एकटा. पाठाऱ्यांनी कामगारांचा विमा उतरवला होता. दावा मंजूर झाला तर सहदेवचं घर उभं राहणार होतं. नाकारला गेला तर कामगार आयुक्तांपुढे वर्षानुवर्षं खेटे.

दाव्यात कळवलेली हकिगत साधी होती. दसऱ्याला सकाळी अर्धा दिवस काम होतं, नेहमीचा माल चालू होता, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली मशीनची जाळी जागेवर होती, सहदेवचा हात घसरला.

गाळ्याच्या शटरवर झेंडूचं तोरण अजून होतं, सुकून तपकिरी झालेलं. प्रेस बंद होती. गंधाली तिच्यासमोर उभी राहिली आणि तिला भांडुप आठवलं. तिचे वडील अनंतराव तिथल्या कारखान्यात फिटर होते. कारखाना चालू होता तोवर दसऱ्याला बायकापोरांना आत सोडत. मशीनं धुऊन पुसून ठेवलेली, त्यांना हार, समोर पेढे. वडील सांगत, आज हिला हात जोडायचे, हिच्यावर आपलं घर चालतं.

तिने वाकून पाहिलं. जाळीच्या आत, पंच जिथे खाली येतो त्याच्या अगदी तोंडाशी, हळदकुंकवाची बोटं उमटली होती. खालच्या डायवर, म्हणजे साच्यावरही तशीच. जाळी जागेवर असताना तिथवर कोणाचंच बोट पोचलं नसतं.

वर्तकसर तिच्यासोबत आले होते. त्यांनी नुसता स्वतःचा पंजा जाळीतून आत सरकवून पाहिला. तो बोटांच्या पेरांपाशीच अडला. त्यांनी हात काढला, रुमालाला पुसला आणि तिच्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात तिला सगळं कळलं. हकिगत खोटी होती, सरांना ते ठाऊक झालं होतं, आणि ते तिला मदत करणार नव्हते.

जबाब पोटमाळ्यावरच्या लहानशा ऑफिसात घ्यायचा होता. राजेश पाठाऱ्यांना तिने खाली थांबायला सांगितलं. ते लोखंडी जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले. दोघांमध्ये काय ठरलं असेल ते तिने मनात जुळवलं. पूजेत झालेल्या अपघाताला विमेवाले काम थोडंच म्हणतील, तेव्हा पूजेचं नावच काढायचं नाही. चालू कामात हात गेला म्हणायचं. एकमेकांच्या भल्यासाठी दोघं खोटं बोलत होते. गंमत अशी, की खरं सांगितलं असतं तर कायदा सहदेवच्या बाजूने उभा राहिला असता. मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या जागेत, मालकाच्या मशीनवर केलेली गोष्ट ती काम नाही तर काय? खोट्यावर मात्र दावा पडला असता. पण हे ती त्याला सांगू शकत नव्हती. सांगितलं, की तोच झाला पढवलेला जबाब.

सहदेव समोर बसला, पट्टीचा हात मांडीवर धरून. ती विचारत गेली, तो सांगत गेला, ती लिहीत गेली. पाठ केलेलं असल्यासारखं भरभर. काम चालू होतं. जाळी होती. हात घसरला. कसा घसरला, असं तिने विचारलं. घसरला, तो म्हणाला. जाळी असताना आत कसा गेला, असंही तिने विचारलं. त्याने जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गेला. आता कसा ते काय सांगू, ताई?"

वर्तकसरांनी घड्याळ पाहिलं.

नियमाप्रमाणे सहीआधी जबाब वाचून दाखवायचा असतो. गंधालीने वाचायला घेतला. हे वाक्य वाचून झालं की पुढचं, ते झालं की त्याच्या खाली सही, आणि सही झाली की हा माणूस आपल्याच शब्दांनी बुडणार. छापील प्रश्नांपैकी एकही तिच्याजवळ उरला नव्हता. ती मधेच थांबली.

"धुरीकाका, दसऱ्याला इथे नारळ कोणी फोडला?"

सहदेवने मान वर केली. वर्तकसरांचं पेन थांबलं.

आता हा प्रश्न काही सापळा नव्हता. कुठल्याही गाळ्यातल्या कुठल्याही माणसाला विचारावा इतका साधा होता. पण सहदेवला तो टाळता येईना. दाव्याबद्दल खोटं बोलणं वेगळं आणि मशीनच्या पूजेबद्दल बोलणं वेगळं. पूजा झालीच नाही, असं त्याच्या तोंडून येणार नव्हतं.

तो म्हणाला, "मालकान फोडलो."

"आणि मग?"

"मगे काय." त्याचा आवाज बदलला होता. मुंबईतली एवढी वर्षं बाजूला सरली आणि घरची मालवणी बाहेर आली. "मगे पयलो नग. मुहूर्ताचो. तो मान माझो. दरवर्साक मीच काढतंय. एकच काढूचो नि देवाफुडं ठेवचो. हार घालूक जाळी काढलेली, ती तशीच ऱ्हवली. माका वाटला, एकच तर नग."

गंधालीने आधीचं काही खोडलं नाही. खाली नवीन ओळीवर, तो म्हणाला तसंच लिहिलं. आता सरांची पाळी आहे हे तिला माहीत होतं.

"पेडणेकर," वर्तकसर म्हणाले, "नारळ तुझ्या प्रश्नांत नव्हता."

"नव्हता, सर."

"हा माणूस एका बैठकीत दोन गोष्टी सांगतो. मी वरिष्ठांना काय सांगू? तू विचारलंस की सुचवलंस?"

"नारळ कोणी फोडला एवढंच विचारलं, सर. नारळानंतर जाळीचं नाव मी काढलेलं नाही."

सरांनी खुर्ची सहदेवकडे वळवून तो प्रश्न विचारला ज्याला ती घाबरत होती. जाळी काढायला कोणी सांगितलं होतं? कारण कामगाराने आपल्या मनाने, मालकाचा हुकूम मोडून जाळी काढली असेल, तर कायदा तिथेच हात वर करतो. वर्गात हे त्यांनीच शिकवलं होतं.

एवढी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव घ्यायचं की स्वतःवर ओढून घ्यायचं, हे सहदेवच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. त्याने श्वास घेतला. तो काय म्हणणार ते गंधालीने ओळखलं. मीच काढली म्हणणार. आणि तिला त्याला अडवता येत नव्हतं.

लोखंडी जिना वाजला. राजेश पाठारे दारात आले. खालून त्यांना सगळं ऐकू गेलं असावं.

"बाहेर थांबा," सर म्हणाले.

"थांबतो. पण याने उगाच स्वतःवर घेऊ नये." पाठाऱ्यांनी चौकट धरली होती. "जाळी मी काढायला लावली. दरवर्षी लावतो, आतपर्यंत हळदकुंकू लागावं म्हणून. मेन स्विच मी चालू केला, आणि नग काढ सहदेव म्हणून सांगितलंही मीच. कारखाने निरीक्षक माझी वाट लावेल, ते माझं मी बघेन."

"हे तुम्ही तुमच्या जबाबात सांगा," सर म्हणाले. "आता खाली जा."

ते गेले. सरांनी सहदेवला तोच प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत विचारला. या वेळी त्याने मालकाचं नाव घेतलं. मालकाच्या तोंडून आधी ऐकलेलं उत्तर किती धरायचं, हा वाद फायलीत पुढे होणारच होता. सरांनी मालक आत आल्याची गोष्टही तिला जबाबात लिहायला लावली, एक शब्द न गाळता.

सहीची वेळ आली. उजवा हात पट्टीत, म्हणून गंधालीने शाईचं पॅड पुढे केलं. डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, ती म्हणाली.

सहदेवने पॅड बाजूला सरकवलं. "आंगठो नको. माका सही येता."

"डाव्या हाताने?"

"शिकूचाच लागतला आता."

त्याने पेन डाव्या मुठीत धरलं. पहिलं अक्षर उमटायच्या आधी कागदच सरकला. दुसऱ्यांदाही सरकला. दुसरा हात कागद दाबायला मोकळा नव्हता. गंधाली पुढे झाली, पण त्याआधीच वर्तकसर उठले होते. टेबलाशी वाकून त्यांनी कागदाची कड तळव्याखाली दाबली, आणि सहदेवच्या आडनावातलं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत घड्याळाकडे न बघता तसेच उभे राहिले.