मामीचा गहू, चंपाचा गहू

कार्तिकातल्या सोमवारी मामा गेले. मंगळवारी गव्हाची पेरणी होती, आणि कोणता गहू पेरायचा हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गाईचं मत घेऊन पेरणी करणारा दुसरा माणूस रायपुरात झाला नसेल. नोकरीत मामांनी एकाही कागदावर घाईनं सही केली नाही. निवृत्तीनंतर तोच संथपणा त्यांनी नवा रायपूरच्या पलीकडच्या आपल्या दोन एकरांवर नेला. धान कापून झालं की त्यांच्या खिशात गव्हाच्या पुड्या येत. लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याच्या तळहातावर दाणे ठेवून "चावून पाहा" म्हणत. एकदा सदर बाजारात सोनाराच्या काट्याशी बसून त्यांनी दोन वाणांचे शंभर-शंभर दाणे मोजले. सोनार म्हणाला, "भैया, हार बनवाओगे क्या?" मामा गंभीरपणे म्हणाले, "पहले तौलो तो सही."

खरी परीक्षा घरी व्हायची. दोन्ही गव्हांच्या पोळ्या मामीनं करून खायच्या, आणि दोन्हींचं कुटार, म्हणजे भुसा, दोन टोपल्यांतून चंपा गाईपुढे ठेवायचं. यंदा दोघींचे निकाल वेगळे लागले. मामीचा कौल कुसळाच्या गव्हाला, कारण त्याची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. चंपाला ती कुसळं तोंडात टोचत. तिनं बिनकुसळाच्या मुंड्या गव्हाची टोपली चाटूनपुसून संपवली आणि दुसरी शिंगानं उलटवली.

"गाईचं ऐकता, माझं काहून नाही ऐकत?" मामी कडाडली.

"तू भिडेखातर खोटं बोलतेस. चंपा सरळ तोंड फिरवते."

"मंग तिलेच सांगा पोळ्या लाटाले!"

आठवडाभर हेच चाललं. रविवारी झोपताना मामा म्हणाले, "सकाळी सांगतो." सकाळी ते उठले नाहीत.

तेरवीनंतर पेरणी माझ्याकडे आली. मी विचारलं, "मामी, कोणता पेरायचा?"

तिनं बियाण्याच्या दोन्ही पोत्यांत एकेक हात घातला.

"मुंडा पेर. माहा गहू बजारात भेटते. चंपाचं कुटार कोठून आणू?" मग पदर सावरत म्हणाली, "पण ध्यानात ठेव, मी हारली नाही."

दोन एकरांत आता मुंडा गहू गुडघ्याएवढा झाला आहे. मामी बांधावर उभी राहून त्याला नावं ठेवते.